चिठ्ठीत नसलेलं नाव

(आकाशवाणीवर प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)

आज मला न्यायाविषयी बोलायचं आहे, पण कोर्टातल्या न्यायाविषयी नाही. चार माणसांत काही वाटायची वेळ आली, मग ते ताटातलं श्रीखंड असो, पाटाचं पाणी असो, नाहीतर कॉलेजातल्या जागा असोत, की ‘हे बरोबर झालं’ किंवा ‘हा अन्याय आहे’ असं आपल्या मनात लगेच उमटतं. हे कुठून येतं? ते सगळ्या माणसांत सारखंच असतं का? आणि अनेक जातींची, धर्मांची, भाषांची माणसं जिथे शेजारी शेजारी राहतात, तिथे कुणाच्या मनातलं ‘बरोबर’ खरं धरायचं? मी तीसेक वर्षं कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं. हा विषय दरवर्षी शिकवत असे. तरी त्यातली एक गोष्ट मला फार उशिरा कळली, आणि ती पुस्तकांतून नाही, घरातून कळली. म्हणून सुरुवात घरापासूनच करतो.

सातारा जिल्ह्यात आमची नऊ एकर शेती होती. वडील गेले आणि दोन वर्षांनी, १९९६ साली, आम्ही तिघा भावांनी वाटणी करायचं ठरवलं. गावातली दोन जाणती माणसं पंच म्हणून बोलावली. त्यांनी सगळी जमीन फिरून पाहिली आणि तीन वाटे पाडले. विहिरीखालचं बागायत दोन एकर, ओढ्याकडचं तीन एकर आणि माळाचं चार एकर. मोजायला गेलं तर तिन्ही वाटे वेगळे, पण त्यांची किंमत आणि उत्पन्न बघितलं तर एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा. आम्हा तिघांनाही ते पटलं. मग चिठ्ठ्या केल्या, देवापुढच्या ताटात टाकल्या आणि दादांच्या पाच वर्षांच्या मुलाला उचलायला लावल्या. मला विहिरीखालचं रान आलं. कुणाचा आवाज चढला नाही, कुणी उठून गेलं नाही. ‘वाटणी करावी तर अशी’ असं गावात पुढे कितीतरी दिवस लोक म्हणत होते.

आमची आक्का, आम्हा सगळ्यांत मोठी बहीण, त्या दिवशी आली होती. पंचांचा चहा, दुपारचं जेवण सगळं तिनंच केलं. दुसऱ्या दिवशी आम्ही तिला घेऊन तालुक्याला गेलो. तिथे तिच्यापुढे हक्कसोडपत्राचा कागद ठेवला. तिनं चष्मा पुसला, ‘कुठं करायची सही?’ एवढंच विचारलं आणि सही केली. येताना आम्ही तिला चांगली साडी घेतली.

या सगळ्यात काही अन्याय झाला असं त्या वेळी आमच्यापैकी कुणालाही वाटलं नाही. मलाही नाही. त्याच आठवड्यात कॉलेजात माझा ‘न्यायाची जाणीव’ हा पाठ चालू होता.

त्या पाठात मी कुठला प्रयोग शिकवत असे, तो आधी सांगतो. वेर्नर ग्यूट या जर्मन अर्थशास्त्रज्ञानं १९८२ साली आपल्या सहकाऱ्यांबरोबर तो मांडला. प्रयोग अगदी सोपा आहे. समजा, तुम्हाला शंभर रुपये दिले आणि सांगितलं, यातले काही समोरच्या अनोळखी माणसाला द्यायचे. किती, ते तुम्ही ठरवा. त्यानं ‘चालेल’ म्हटलं तर दोघांनीही आपापले पैसे घेऊन घरी जायचं. त्यानं ‘नको’ म्हटलं तर दोघांनाही काही मिळणार नाही. घासाघीस नाही, दुसरी फेरी नाही. आता नुसत्या हिशेबी माणसाचं गणित असं, की समोरच्याला एक रुपया दिला तरी त्यानं घ्यावा, शून्यापेक्षा एक बरा. प्रत्यक्षात तसं होत नाही. युरोप-अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवर हा प्रयोग शेकडो वेळा झाला. देणारे साधारण चाळीस ते पन्नास रुपये देतात. आणि कुणी वीसपेक्षा कमी देऊ केले, तर घेणाऱ्यांपैकी निम्मे लोक सरळ ‘नको’ म्हणतात. स्वतःचे वीस रुपये सोडतात, पण समोरच्याला ऐंशी घेऊन जाऊ देत नाहीत. अपमान गिळण्यापेक्षा नुकसान सोसलेलं बरं, हा आपल्याकडच्या बांधावरच्या भांडणातला बाणा तिथल्या विद्यापीठांतही निघाला म्हणायचा.

यावरून बरीच वर्षं असं मानलं गेलं, की निम्मं-निम्मं ही माणसाची उपजत न्यायबुद्धी आहे. मग जोसेफ हेन्रिक हा तरुण मानववंशशास्त्रज्ञ हा प्रयोग घेऊन पेरू देशात, ॲमेझॉनच्या जंगलातल्या माचिगेंगा लोकांकडे गेला. तिथे देणाऱ्यांनी सरासरी पावभागच, म्हणजे शंभरातले सव्वीस देऊ केले. नवल म्हणजे घेणाऱ्यांनी ते जवळजवळ प्रत्येक वेळी बिनतक्रार घेतले. त्यांना त्यात अपमान दिसलाच नाही. समोरच्याला पैसे मिळाले, आपल्याला कमी मिळाले, हा नशिबाचा भाग, अशी त्यांची समजूत. हे लोक आपापल्या कुटुंबापुरतं पिकवतात, कुटुंबापुरती शिकार करतात. परक्यांबरोबर वाटून घ्यायचा प्रसंगच त्यांच्यावर फारसा येत नाही.

त्यानंतर हेन्रिक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जगातल्या पंधरा छोट्या समाजांत हे प्रयोग केले. त्यांचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध होऊ लागले. इंडोनेशियात लामालेरा नावाचं गाव आहे. तिथले लोक होड्यांतून देवमाशाची शिकार करतात. एकट्यादुकट्याचं ते काम नाही. शिकार किनाऱ्याला लागली, की तिचा कुठला भाग कुणाचा हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. भाला मारणाऱ्याचा कुठला, होडी बांधणाऱ्याचा कुठला, शिडं शिवणाऱ्याचा कुठला, सगळं ठरलेलं. या लोकांनी प्रयोगात समोरच्याला निम्म्याहूनही जास्त देऊ केलं. आणि पापुआ न्यू गिनीतल्या आऊ आणि ग्नाऊ या समाजांत तर उलटंच घडलं. कुणी निम्म्यापेक्षा जास्त देऊ केलं, तर समोरचे ‘नको’ म्हणत! कारण त्यांच्याकडे मोठं दान घेतलं, की घेणारा मिंधा होतो. ते कधी ना कधी फेडावं लागतं, आणि कधी व कसं, हे देणारा ठरवतो.

श्रोतेहो, यावरून दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली ही, की ‘बरोबर-चूक’ ठरवणारा काटा प्रत्येक समाजात आहे. नुसत्या स्वतःच्या फायद्याचा हिशेब करणारी माणसं त्या पंधरांपैकी एकाही समाजात सापडली नाहीत. आणि दुसरी, की काटा सगळीकडे असला, तरी वजनं ज्याची त्याची निराळी. लोक पोट कसं भरतात आणि त्यासाठी एकमेकांची किती गरज लागते, त्यावर ती ठरतात.

आपली वजनं कोणती? १९८५ साली भारतीय आणि अमेरिकी विद्यार्थ्यांची तुलना करणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रश्न असा होता, की कंपनीला दोन कामगारांत बोनस वाटायचा आहे. एकाचं काम उत्तम आहे. दुसऱ्याचं काम साधारण आहे, पण घरी अडचण आहे, पैशाची ओढाताण आहे. कुणाला किती द्याल? अडचणीत असलेल्याला झुकतं माप द्यावं, असं म्हणणारे भारतीय विद्यार्थ्यांत बरेच जास्त निघाले. यात आपल्याला नवल वाटणार नाही. एकत्र कुटुंबात ज्याला मुलं जास्त त्याच्याकडे धान्याचं पोतं जास्त जायचं, हे आपण पाहिलेलं आहे. पण याच आपण मुलाच्या प्रवेशाची वेळ आली, की ‘ज्याचे गुण जास्त त्यालाच जागा’ असं तावातावानं बोलतो. आणि जमीन वाटताना गुणही नाहीत, गरजही नाही, सगळ्या भावांना सारखं! म्हणजे आपल्या एकेकाच्या खिशात तीन-तीन वजनं आहेत. समान वाटा, कामाप्रमाणे वाटा आणि गरजेप्रमाणे वाटा. कुठल्या वेळी कुठलं काढायचं, यावरच सगळी भांडणं होतात. राखीव जागांचा वाद ऐकताना मला पुष्कळदा वाटतं, की दोन्हीकडची माणसं मनापासून न्यायाचीच भाषा बोलत असतात. एक जण आजच्या परीक्षेतल्या गुणांचं वजन टाकतो, दुसरा पिढ्यान्‌पिढ्या परीक्षेला बसूच न दिल्याचं. आणि समोरचा खोटं बोलतो आहे, अशी दोघांचीही खात्री असते.

मग वजन कुठलं घ्यायचं, हे ठरवायचं कुणी? याचं एक उत्तर आपल्याच मातीत मिळालेलं आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या पुण्याच्या उद्योजकानं पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायतीचं काम सुरू केलं. उपसा योजना उभी करायची, तर पाणी कसं वाटायचं, हा पहिला प्रश्न. रूढ पद्धत अशी, की ज्याची जमीन जास्त त्याला पाणी जास्त. वरवर त्यात गैर काहीच दिसत नाही. पण साळुंख्यांनी वजनच बदललं. पाणी जमिनीवर द्यायचं नाही, माणसांवर द्यायचं. घरात माणसं किती ते मोजायचं, माणशी अर्ध्या एकराचं पाणी, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. उसाला पाणी नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, ज्याला जमीन नाही त्या भूमिहीनालाही पाण्यात हिस्सा.

हा शेवटचा नियम पुन्हा एकदा लक्षात घ्या. जमिनीप्रमाणे पाणी असा नियम असताना भूमिहीन माणसावर ‘अन्याय’ झालेला कुणाला दिसणारच नव्हता. तो त्या हिशेबातच नव्हता. यादीत त्याचं नाव नव्हतं, म्हणून त्याला कमी मिळालं असंही म्हणता येत नव्हतं. माणसं मोजायला सुरुवात केली, तेव्हा तो एकदम दिसायला लागला. वजन बदललं, की मोजली जाणारी माणसंही बदलतात, हे मी इतकी वर्षं शिकवत आलो नव्हतो. मी वर्गात शिकवायचो, की माणसं आपसांत कसं वाटतात. आपसांत म्हणजे कुणाकुणात, हा प्रश्न मी कधी फळ्यावर लिहिला नाही.

आणि मोठे अन्याय बहुधा तिथेच होतात. महाडचं चवदार तळं आठवा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या समाजाला खुले करावेत, असा ठराव सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात मांडला आणि १९२३ साली तो मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेनंही तळं सर्वांना खुलं असल्याचं मान्य केलं. कागद झाला, पण पाणी मिळेना. म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह त्या तळ्यावर गेले आणि तिथलं पाणी प्यायले. पुढे खटला चालला, तो १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात सत्याग्रहींच्या बाजूनं सुटला. त्या तळ्यावर परधर्मीय येत, गुरंढोरं येत, त्याला कुणाची हरकत नव्हती. हरकत होती ती या माणसांना. यात विचार करण्यासारखं काय आहे? हरकत घेणारे लोक एरवी आपापल्या घरात, भावकीत, बाजारात चोख व्यवहाराचे असतील. कुणाचा पै-पैसा बुडवत नसतील. त्यांच्या न्यायबुद्धीत खोट नव्हती, ती एका रेघेपाशी येऊन थांबत होती, इतकंच. आणि रेघेच्या आत उभा असलेल्या माणसाला ती रेघ दिसत नाही. त्याला ती जगाची रीत वाटते.

आपल्याला कमी मिळालं, की ते पटकन कळतं. जास्त मिळालं, तर कळतं का? यावरही एक सुंदर प्रयोग झाला आहे. २०१५ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भारत, अमेरिका, कॅनडा, मेक्सिको, पेरू, सेनेगल आणि युगांडा या सात देशांतल्या मुलांच्या ८६६ जोड्या त्यात होत्या. दोन मुलं समोरासमोर बसवायची, दोघांपुढे खाऊ ठेवायचा, कधी सारखा, कधी कमी-जास्त. दोघांपैकी एकाच्या हातात निर्णय. त्याला वाटणी मान्य असली तर दोघांनाही आपापला खाऊ, नसली तर कुणालाच नाही. आपल्याला कमी आणि समोरच्याला जास्त, अशी वाटणी मोठी होत जाणारी मुलं सातही देशांत नाकारतात. पण आपल्याला जास्त आणि समोरच्याला कमी, अशी वाटणी नाकारणारी मुलं? ती सातांपैकी तीनच देशांत दिसली. अमेरिका, कॅनडा आणि युगांडा. तीही वयानं जरा मोठी. आपल्या मुलांना नावं ठेवायला मी हे सांगत नाही. आपल्याकडे उदारपणा शिकवायच्या रीती वेगळ्या असतील. पण एवढं खरं, की ‘मला कमी मिळालं’ ही ओरड माणूस लवकर आणि सगळीकडे शिकतो. ‘मला जास्त मिळालं’ ही टोचणी मात्र शिकवावी लागते, आणि ती सगळीकडे शिकवली जात नाही.

टोचणी लागलीच, तर ती बोथट करायची युक्तीही मनाजवळ असते. मेल्विन लर्नर या मानसशास्त्रज्ञानं १९६६ साली एका सहकारी महिलेबरोबर केलेला प्रयोग फार प्रसिद्ध आहे. एका स्त्रीला विजेचे झटके बसत आहेत, असं दृश्य काही जणींना दाखवलं. झटके खरे नव्हते, पण पाहणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. ज्यांना हा छळ थांबवता येत होता, त्यांचं त्या स्त्रीविषयी मत बरं राहिलं. ज्यांना काहीच करता येत नव्हतं आणि हे पुढेही चालणार असं सांगितलं होतं, त्यांचं तिच्याविषयीचं मतच खालावलं. आपण असं मानून जगतो, की जग न्यायानं चालतं, ज्याला जे मिळतं ते योग्यच असतं. डोळ्यांपुढे अन्याय दिसला आणि तो दूर करायची वाट नसली, की मन जगाला दोष देण्याऐवजी त्या माणसातच कारण शोधतं.

आक्काच्या बाबतीत आमच्याजवळही कारणं होती. तिचं सासर चांगलं आहे. तिच्या लग्नात वडिलांनी खर्च केलाच होता. हिस्सा मागणाऱ्या बहिणींचं माहेर तुटतं. आणि सगळ्यांत मोठं कारण म्हणजे, ती स्वतः कुठे काही म्हणाली?

या ‘ती काही म्हणाली नाही’ विषयी मला थोडं बोलायचं आहे. उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत कार्ला हॉफ, मयुरेश क्षेत्रमाडे आणि एर्न्स्ट फेर या अभ्यासकांनी एक प्रयोग केला, तो २०११ साली प्रसिद्ध झाला. आपल्या जातीच्या एखाद्या माणसाला दुसऱ्यानं व्यवहारात फसवलं, तर स्वतःच्या पदरचे थोडे पैसे घालून त्या फसवणाऱ्याला दंड करता येईल, अशी सोय त्यात होती. जातीच्या उतरंडीत वर असलेल्या लोकांनी हा हक्क बराच वापरला. तळाशी असलेल्यांनी पुष्कळच कमी वापरला. त्यांची गरिबी किंवा शिक्षण जमेला धरूनही हा फरक उरलाच. याचा मी लावतो तो अर्थ असा. ज्यांची हरकत पिढ्यान्‌पिढ्या कुणी ऐकली नाही, त्यांची हरकत घ्यायची सवयच मोडते. म्हणून गप्प बसलेल्या माणसाचं गप्प राहणं ही संमती धरता येत नाही.

मग विचारावं तरी कसं? टॉम टायलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं शिकागो शहरातल्या दीड हजारांहून जास्त नागरिकांशी पोलीस आणि न्यायालयं यांच्याविषयी आलेल्या अनुभवांबद्दल बोलून १९९० साली एक पुस्तक लिहिलं. निकाल आपल्या बाजूनं लागला की नाही, एवढ्यावरच लोकांचं समाधान ठरत नव्हतं. आपलं म्हणणं नीट ऐकून घेतलं का, आपल्याशी माणसासारखं वागले का, सगळ्यांना एकच नियम लावला का, याला लोक फार महत्त्व देत होते. निकाल विरुद्ध गेला तरी हे सगळं झालेलं असेल, तर लोक तो मानायला तयार होते. अनेक धर्मांच्या, अनेक जातींच्या समाजात याचं मोल मोठं आहे. सगळ्यांना पटेल असं एकच वजन कदाचित कधीच सापडणार नाही. पण वजन ठरवताना सगळ्यांना बसवून घेणं आपल्या हातात आहे.

इथे एक धोका मात्र सांगायला हवा. १९९० सालच्याच दुसऱ्या एका प्रयोगात असं दिसलं, की निर्णय आधीच होऊन गेला आहे हे ठाऊक असतानाही, नुसतं मत मांडू दिलं तरी लोकांना आपल्याला बऱ्यापैकी न्याय मिळाल्यासारखं वाटतं. म्हणजे ऐकल्याचं नाटक करूनही माणसं शांत करता येतात. आपल्याकडच्या कितीतरी जनसुनावण्या, कितीतरी ग्रामसभा आणि घरातल्या कितीतरी बैठका याच जातीच्या असतात. विचारायचं, तर उत्तर काहीही आलं तरी ते चालेल, अशी तयारी ठेवूनच विचारायला हवं.

कायद्यानं आपली चूक हळूहळू सुधारली. महाराष्ट्रानं १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीनं हक्क दिला, पण त्यापूर्वी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं. आक्का त्यात वगळली गेली. वडिलांच्या हिश्श्यातला जुन्या कायद्यानं मिळणारा लहानसा भाग तेवढा तिचा होता. तोच तिनं त्या कागदावर सोडला. पुढे २००५ साली केंद्राच्या कायद्यानं लग्नाची अट काढून टाकली, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की हा हक्क मुलीला जन्मानंच मिळतो, २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही. तरी आजही तालुक्याच्या गावी नोंदणी कचेरीबाहेर उभं राहा. भाऊ पुढे, मागे डोक्यावर पदर घेतलेली बहीण, आणि टायपिस्टच्या टेबलावर हक्कसोडपत्र, हे चित्र तुम्हाला दिसेल. तिथली प्रत्येक सही जबरदस्तीची असते, असं मी म्हणत नाही. कितीतरी बहिणी मनापासून सोडत असतील. पण ते मनापासून आहे की नाही, हे ज्या प्रश्नानं कळलं असतं, तो किती जणींना विचारला जातो?

गेल्या वर्षी आक्काच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मी चार दिवस तिच्या सोबतीला दवाखान्यात होतो. एका रात्री तिला झोप येत नव्हती, मलाही नव्हती. मी तिला म्हटलं, ‘‘आक्का, शेताच्या वाटणीच्या वेळी आम्ही तुला विचारलं असतं, तरी तू नकोच म्हणाली असतीस ना?’’

ती थोडा वेळ वर छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘आता कसं सांगू? तेव्हा काय म्हणाले असते, ते माझं मलाच ठाऊक नाही. कुणी विचारलंच नाही, तर मी तरी कशाला विचार करत बसू?’’

त्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मला काहीतरी उत्तर देता आलं असतं. तीस वर्षं मी स्वतःची समजूत घालत होतो, की आक्कानं आपणहून हक्क सोडला. आणि माझ्या लक्षात आलं, की तिला सोडायला मिळालंच नव्हतं. स्वतःचा आहे असं वाटण्याआधीच तो तिच्याकडून काढून घेतला गेला होता. हे कुठल्याही शंभर रुपयांच्या खेळात बसत नाही. त्या खेळात समोरच्याला निदान ‘नको’ म्हणायचा हक्क असतो. आमच्या घरात तोही आम्ही तिला दिला नव्हता. आणि ते ताट, त्या तीन चिठ्ठ्या, तो लहान मुलगा, सगळं इतकं नीटस होतं, की चौथी चिठ्ठी नाही हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मी भावांशी बोललो. दादा म्हणाले, झालेली वाटणी उकरून काढू नये. धाकट्यानं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. त्यांच्यावर मी जोर केला नाही. तो हक्क मला नाही, आणि त्या विहिरीखालचं रान तीस वर्षं मीच खाल्लं आहे. माझ्यापुरतं मी ठरवलं. दिवाळीत आक्काकडे गेलो आणि म्हटलं, ‘‘त्या दोन एकरांतलं अर्धं तुझ्या नावानं करून देतो. पण या वेळी आधी विचारतो. तुला हवं आहे का? नको म्हणालीस तरी चालेल, हो म्हणालीस तरी चालेल.’’

तिला लगेच उत्तर देता आलं असतं. पूर्वीची आक्का असती, तर तिनं ‘मला काय करायचंय आता’ म्हणून विषय संपवला असता. या वेळी तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला आणि विचारलं, ‘‘त्याला पाणी किती महिने असतं रे?’’ मी सांगितलं, साधारण मार्चपर्यंत. मग ती म्हणाली, ‘‘बघते. विचार करून सांगते.’’

त्यानंतर तिचे दोन फोन आले. एकदा तिनं सातबाऱ्यावरचा गट नंबर विचारला. दुसऱ्यांदा म्हणाली, ऊन कमी झालं की मला तिथं घेऊन चल, बघून बरीच वर्षं झाली. हो की नाही, ते अजून तिनं सांगितलेलं नाही. मीही विचारलेलं नाही.